चार आण्याचं धरण

बुधवार, १७ डिसेंबर. परभणी ते संभाजीनगर

या सहलीचं कारण सांगितलं तर हसाल. आमच्या घरी आजोबांची एक लांबट चोपडी आहे. मूळची ती जमाखर्चाची, लाल कापडी बांधणीची. आजोबा निजामाच्या काळात तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीत येणाऱ्या लखोट्यांवरची तिकिटं ते भिजवून काढायचे आणि या चोपडीत बाभळीच्या डिंकानं चिकटवायचे. तिकिटं जमवणारी माणसं हे वाचून कपाळाला हात लावतील. डिंकाला आता काचेसारखे तडे गेलेत आणि तिकिटाला हात लावला की कागदाचाच पोपडा निघतो. पण त्या चोपडीत जे आहे ते आहे, आणि दिवाळीत माळा साफ करताना ती पुन्हा हाती लागली.

त्यातलं एक पान हैदराबाद संस्थानाच्या १९३१ सालच्या तिकिटांचं. एक आण्याचं तपकिरी, त्यावर चारमिनार. दोन आण्याचं जांभळं, त्यावर हैदराबादचं हायकोर्ट. चार आण्याचं निळं, त्यावर उस्मानसागर तलाव. मग एक रिकामी जागा. त्यानंतर बारा आण्याचं लाल, बीदरच्या मदरशाचं, आणि शेवटी एक रुपयाचं पिवळं, दौलताबादचा मिनार. रिकाम्या जागेवर आठ आण्याचं नारिंगी तिकीट होतं, अजिंठ्याचं. ते कुणी आणि कधी उचकटलं याबद्दल घरात तीन मतं आहेत. तिन्ही मतांत गुन्हेगार वेगळा आणि तिघेही आता हयात नाहीत, म्हणून तो विषय सोडून देते.

पान बघता बघता माझे काका, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "यातली दोन ठिकाणं आपली. तिसरं पाण्याचं, ते मात्र त्यांचं, हैदराबादवाल्यांचं." अण्णांचं वय ८८. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारे, म्हणून लागले आणि मोजणीदार म्हणून रिटायर झाले, ते सगळं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि तेही टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला (सुरुवातीला हेड म्हणतात), आमच्या परभणीकडं. मी सहज म्हणाले, "चला अण्णा, तिकिटावरची ठिकाणं बघून येऊ. पाण्याच्या जागी आपलं पैठण बघू." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं निघालो. मानवत रोड, सेलू, परतूर. अण्णांना खिडकी दिली, पण त्यांचं लक्ष बाहेर नव्हतंच. मांडीवर चोपडी आणि हातात माझ्या मुलीचं भिंग. ही लाइन १९०० साली मीटरगेज म्हणून सुरू झाली. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी निजामाची रेल्वे ती हीच. नव्वदीच्या दशकात ती रुंद झाली. आजोबांचे लखोटे याच रुळांवरून आले असणार.

जालना येईपर्यंत भिंगाखाली चार आण्याचं निळं तिकीट होतं. आडवं, बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान. चित्रात पाणी आणि भिंत. पाणी दाखवायला खोदणाऱ्यानं केसाएवढ्या आडव्या रेघा मारल्यात, आणि त्या रेघांवरच काळ्या शाईत उर्दू अक्षरं छापलेली. अण्णांनी बोट फिरवत वाचलं, "सीन, रे, काफ, अलिफ, रे, ये. सरकारी." तहतानियात म्हणजे प्राथमिक शाळेत ते उर्दूतून शिकलेले. ११ वर्षांचे झाले तेव्हा पोलीस ॲक्शन झाली आणि पुढचं शिक्षण मराठीत. अक्षरं मात्र राहिली. सरकारी टपालासाठी नेहमीच्याच तिकिटांवर हा शिक्का छापून वापरत, त्यामुळे आजोबांच्या बहुतेक तिकिटांवर तो आहे. समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरानं कुतूहलानं विचारलं, "आजोबा, याची किंमत किती असेल?" अण्णा म्हणाले, "चार आणे." मग थोडं थांबून, "हाली." पोराला काही कळलं नाही. संस्थानाचं नाणं वेगळं होतं, हाली शिक्का. सात हाली रुपये दिले की इंग्रजांचे सहा मिळत. म्हणजे हे चार आणे इंग्रजांच्या चार आण्यांपेक्षाही थोडे कमीच.

आता उस्मानसागरबद्दल, कारण पुढचे चार दिवस तो आमच्या पिशवीत होता. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला आणि अर्धं हैदराबाद वाहून गेलं. माणसं हजारोंनी गेली. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास जीव वाचले. ते झाड आजही उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे. निजामानं मग इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की शहराच्या वर नदी अडवा, पूर तिथंच धरून ठेवा. त्यातून मुसीवर उस्मानसागर झाला. १९१३ च्या सुमारास काम सुरू झालं, १९२० ला संपलं. नाव सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं. पाठोपाठ ईसी नदीवर हिमायतसागर आला. बांधले पुरासाठी, पण पुढं पिढ्यान्पिढ्या शहर याच पाण्यावर जगलं. उस्मानसागरजवळचं गाव गंडीपेट. आमची आत्या लग्न होऊन हैदराबादला गेली ती परत माहेरी फारशी आलीच नाही. विचारलं तर म्हणायची, गंडीपेटचं पाणी प्यायलं की पाय निघत नाही. ती म्हण तिथली आहे, पण आमच्या घरात ती टोमणा म्हणूनच वापरली गेली.

तिकीट निघालं १९३१ ला, म्हणजे तलाव होऊन ११ वर्षं झाल्यावर. आज असं काही झालं तर एका दिवसाचं स्मारक तिकीट निघेल, सोबत प्रथम दिवस आवरण, विवरणिका, खास शिक्का आणि व्यासपीठावर मान्यवर. ते एकदा छापतात आणि संपतं. हे तसलं नव्हतं. हे रोजच्या वापराचं, पोस्टाच्या खिडकीवर चार आणे टाकले की मिळणारं. मला तर हाच मान मोठा वाटतो. तलावाचं चित्र लोकांच्या थुंकीनं चिकटत होतं.

संभाजीनगरला बहिणीच्या घरी जेवलो. दुपारी पोस्टातल्या फिलाटेलीच्या, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांच्या, खिडकीवर चोपडी दाखवली. तिथल्या बाईंनी अदबीनं पानं उलटली, डिंक बघून एक निःश्वास टाकला आणि म्हणाल्या, "काका, यांना पाण्यात घालू नका आता. आहेत तशी राहू द्या." संध्याकाळी पाणचक्कीला जाऊन आलो. दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आणलेलं पाणी उंचावरून पडतं आणि त्याच्या जोरावर एकेकाळी दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. मलिक अंबरानं या शहराला नहरी दिल्या, त्याच परंपरेतलं हे पुढचं काम. पाण्याचा दाब नळ फोडू नये म्हणून मधे मधे उंच बंब, म्हणजे मनोरे, बांधलेत. अण्णांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "एअर व्हॉल्व्ह हाय हा." इतकं बोलून चहा मागितला.

गुरुवार, १८ डिसेंबर. एक रुपया

बहिणीच्या गाडीनं दौलताबादला गेलो. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर, वाटेत दोन्ही बाजूंना पेरूवाले. किल्ल्याच्या दाराशी पोचेपर्यंत आमच्याकडं तीन किलो पेरू जमले होते.

पिवळ्या तिकिटावर ज्याला विजयस्तंभ म्हटलंय तो इथला चाँदमिनार. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहानं पंधराव्या शतकात बांधला, उंची सुमारे ६४ मीटर. वर चढायला बंदी आहे. अण्णांनी चोपडी उघडून तिकीट आणि मिनार आळीपाळीनं पाहिले. तिकिटावरचा मिनार एकटाच उभा आहे, प्रत्यक्षात त्याच्या पायाशी शाळेची सहल डबा खात होती. एक मास्तर पोरांना सांगत होते की मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथं आणली. एका पोरीनं विचारलं, "मग सर, एवढ्या लोकांना पाणी कुठून दिलं?" सर म्हणाले, ते परीक्षेला नाही.

पाणी कुठून, त्याचं उत्तर शंभर पावलांवर होतं. हत्ती हौद. नाव का पडलं ते आत डोकावलं की कळतं, हत्ती बुडेल एवढा. अण्णा कडेच्या दगडावर बसले आणि काठी खाली सोडून पाणी किती आहे याचा अंदाज घेऊ लागले. तळाला हिरवट पाणी, त्यात एक तरंगणारी चप्पल. हौद डोंगरातून आणलेल्या नळांवर भरायचा. "हेड तिकडं, टेल इकडं," अण्णा म्हणाले. "पण इथं टेलला राजा बसलेला. मग पाणी कामून नाही येणार?"

मी एकटी वर गेले. अंधारी, चिनी महाल, मेंढातोफ, सगळं भराभर. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत होता. बारादरीपर्यंत जायचं ठरवलं होतं, पण गुडघ्यांनी निम्म्यातच नकार दिला. खाली आले तर अण्णांभोवती त्याच सहलीतली दहाबारा पोरं गोळा झालेली. चोपडी उघडी, भिंग हातोहात फिरतंय आणि अण्णा उर्दू अक्षरं शिकवतायत. सगळे पेरू संपले होते.

शुक्रवार, १९ डिसेंबर. आठ आणे, गहाळ

अण्णा आज आले नाहीत. म्हणाले, "तिकीटच न्हाई तर ठिकाण कशाला?" खरं कारण असं की अजिंठ्याला डोलीत बसावं लागेल असं बहिणीनं सांगितलं होतं, आणि माणसाच्या खांद्यावर बसायचा प्रसंग त्यांना एकदाच मान्य आहे.

एसटीनं फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव करत फर्दापूरला उतरले. शंभर किलोमीटरला बसनं अडीच तासांहून जास्त घेतले, सिल्लोडच्या पुढं रस्त्यानं कंबरेची खबर घेतली. फर्दापूरहून लेण्यांच्या बसनं आत. वाघूर नदीला जेमतेम धार होती.

लेण्यांबद्दल मी काही लिहीत नाही, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडं होतं. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणून इथली चित्रं वाचवायचा प्रयत्न केला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यजदानी यांनी या चित्रांवर मोठं काम उभं केलं. त्या डागडुजीत चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या व्हार्निशचा, थर दिला गेला आणि तो पुढं पिवळा पडला. वाचवायला लावलेल्या गोष्टीनंच रंग झाकले. पहिल्या लेण्यात अंधारात उभी राहून पद्मपाणीकडं बघताना मला सारखा आजोबांचा बाभळीचा डिंक आठवत होता. गार्डनं हटकलं, "बाई, पुढं चला, मागं लोक हायत." परतीच्या बसमध्ये झोपले. संध्याकाळी अण्णांनी एवढंच विचारलं, "नदीला पाणी होतं का?"

शनिवार, २० डिसेंबर. पैठण

आज अण्णा पहाटे पाचला उठून, दाढी करून, धोतर नेसून तयार. गेली पंधरा वर्षं ते पायजमाच घालतात. विचारलं तर म्हणाले, "डॅमवर जायचं ना."

जायकवाडीवर एवढी वर्षं नोकरी करून या माणसानं धरण एकदाच पाहिलंय. २४ फेब्रुवारी १९७६, इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. खात्यातल्या लोकांना ट्रकनं नेलं होतं. अण्णांची आठवण अशी, की बाई एवढ्या लांब होत्या की पदराचा पांढरा ठिपका तेवढा दिसला, आणि गर्दीमुळे पाणी दिसलंच नाही. "माणसंच बगितली. लई माणसं."

पैठण संभाजीनगरपासून ५० किलोमीटरच्या आसपास, तासाभराचा रस्ता. आधी पोस्ट गाठायचं होतं, शनिवार असल्यामुळे. माझी कल्पना अशी, की माझ्या बघण्यात जायकवाडीचं तिकीट आलेलं नाही, तर निदान पैठणचा शिक्का तरी चोपडीत यावा. घरच्या पत्त्याचं पाकीट तयार करून आणलं होतं. अण्णांचं म्हणणं, रिकामं पाकीट पाठवत नसतात. म्हणून आधी नाथांच्या समाधीला गेलो आणि तिथली तुळस आत घातली. रजिस्टर करावं असं मनात होतं, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट बंद होऊन स्पीड पोस्टात मिसळलंय आणि स्पीड पोस्टच्या पाकिटावर बारकोडचं स्टिकर येतं. आम्हाला शिक्का हवा होता. मग साधं पाच रुपयांचं तिकीट लावलं. खिडकीवरच्या तरुणानं हौसेनं शिक्का नवीन शाईवर दोनदा दाबला, मोहोर उठवली आणि बघायला पाकीट अण्णांच्या हातात दिलं. स्वच्छ, गोल, तारखेसकट. अण्णांनी ते अंगठा आणि बोटात धरून डोळ्यांजवळ नेलं. अंगठा नेमका शाईवर. उचलला तेव्हा शिक्क्याचा निम्मा भाग अंगठ्यावर आला होता. तरुण म्हणाला, "परत मारू का आजोबा?" अण्णा म्हणाले, "नको. एकदाच मारतात."

पाकीट पेटीत गेलं आणि आम्ही नाथांच्या वाड्यात गेलो. तिथं तो रांजण आहे. कथा सगळ्यांना ठाऊक असते, की श्रीखंड्या नावाचा गडी बनून देव बारा वर्षं नाथांच्या घरी गोदावरीचं पाणी भरत होता. नाथषष्ठीच्या आधी लोक घागरी आणून त्यात ओततात आणि रांजण भरून वाहिला की देव आला म्हणतात. अण्णा रांजणाच्या काठाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं भाविकपणे. नंतर कळलं, मापत होते. "किती बसत असेल गं यात?" याच गावातल्या माणसानं काशीहून आणलेली कावड रामेश्वराला न नेता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. पाणी कुणाला द्यायचं हा प्रश्न इथं किती जुना आहे!

मग धरण.

भिंतीवर जायला परवानगी लागते आणि ती आमच्याकडं नव्हती. चौकीवरच्या जवानाला मी सांगितलं की हे जायकवाडीचे रिटायर कर्मचारी आहेत. त्यानं विचारलं, "कोणत्या विभागात होते बाबा?" अण्णांनी छाती काढून सांगितलं, "डावा कालवा. टेल." जवान हसला, त्याचं गाव परभणीकडचंच निघालं. नियम मोडला नाही त्यानं, पण खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खालच्या रस्त्यावर जिथून भिंत सगळ्यात चांगली दिसते ती जागा दाखवली.

भिंत दहा किलोमीटर आहे. कागदावर वाचलं तर आकडा वाटतो. तिथं उभं राहिलं की एका टोकाकडून मान वळवायला लागायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत धुक्यात हरवायचं. मातीचं धरण, उंची ४१ मीटरच्या घरात, मधे सांडव्याचे २७ दरवाजे, त्यातले नऊ आपत्कालीन. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली. नाव मात्र भलत्याच गावाचं. निजामाच्या राज्यात जेव्हा गोदावरी अडवायचा विचार झाला तेव्हा जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरली होती. पुढं धरण शंभर किलोमीटर वर पैठणला आलं, पण कागदोपत्री नाव चिकटलं ते चिकटलंच. तलावाला नाथसागर म्हणतात, धरणाला जायकवाडी. अण्णा म्हणतात 'डॅम'.

आम्ही फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागं साठलेल्या पाण्याच्या, कडेला एका गावापाशी गाडी थांबवली. यंदा पाऊस नको तेवढा झालेला, त्यामुळे पाणी काठाला टेकलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या या पाण्याखाली शंभराहून जास्त गावं आहेत. अण्णा बोलले नाहीत. मीच चोपडी काढली आणि निळं तिकीट पाण्यासमोर धरलं. उगाच, जसं फोटोशेजारी माणूस उभा करून बघतात तसं.

"उस्मानसागर किती टीएमसी?" अण्णांनी विचारलं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. मी फोनवर शोधून ठेवलं होतं. "३.९." "आन हा?" तो आकडा त्यांना पाठ होता, परीक्षा माझी चालली होती. "१०२." "त्यातला मृतसाठा?" "२६." अण्णांनी तिकिटावर नख ठेवलं. "म्हंजी आपल्या तळाच्या गाळात असे सहा बसतात."

मृतसाठा म्हणजे कालव्याच्या दारापेक्षा खालचं पाणी. ते आपोआप वाहत नाही, उपसावं लागतं. हिशेबात त्याला मेलेलं धरतात. पण मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात, नाथसागरावरची शहरं आणि गावं त्या मेलेल्या पाण्यावरच जगली. ज्याला दस्तऐवजात मृत म्हणतात तेच आम्ही प्यायलो.

निजामाच्या इंजिनिअरांना पाणी कळत नव्हतं असं मुळीच नाही. अली नवाज जंग यांनी मांजरा नदीवर निजामसागर बांधला, तोही १९३१ मध्येच पुरा झाला. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं, येते लातूरवरून, आणि सागर झाला निजामाबादेत. आजोबांच्या पानावर मराठवाड्यातून दोन चित्रं गेली, दोन्ही दगडाची. एक बघायची लेणी आणि एक बघायचा मिनार. पाण्याचं चित्र हैदराबादचं. मी हे अण्णांना बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण पूर्ण पटलं नाही. "आपल्याला मिळालं की नंतर," ते म्हणाले. "पण हेडला."

मग सुरू झाले, आणि जवळजवळ तासभर बोलले. डावा कालवा २०८ किलोमीटर. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की हेडच्या गावांत पाणी दुसऱ्या दिवशी. तिथं ऊस. रात्री चारीत, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यात, मोटारी पडायच्या, दारं फोडली जायची, कुणी पोती टाकून पाणी फुगवायचं. टेलला पाणी येईपर्यंत पाळी संपायची. तोवर शेतकरी पाटकऱ्याच्या दाराशी. "मी त्यांना काय सांगणार? पाणी सुटलंय एवढंच सांगायचो. सुटलंय हे खरं असायचं. पोचणार न्हाई हे बी खरं असायचं." एकदा चारीत पाण्याची पहिली जीभ आली तेव्हा एक म्हातारी चपला काढून तीत उभी राहिली होती. पाणी घोट्यापर्यंत पण नव्हतं. अण्णांना अजून तिचं नाव आठवतं, मी इथं लिहीत नाही. आणि हल्ली हेडच्याही वरचं हेड आहे, नाशिक-नगरची धरणं. तिथून पाणी सोडायचं की नाही यावर दरवर्षी कोर्टकचेऱ्या होतात. त्यावर अण्णा म्हणाले, "आता पैठणवाल्यांना कळलं असंल, टेलला असणं काय असतंय."

दुपारी पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा उतरला, कपाळावर पांढरा टिळा. गावातल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "वारकरी." मला वाटलं थट्टा करतोय, पण या पक्ष्याचं नावच ते आहे. नाथांच्या दारात शेकडोंनी वारकरी तरंगत होते. रोहित पक्षी लांबवर गुलाबी रेघेसारखे दिसले. मोजायला भिंग काढलं, तर ते जवळचं बघायचं. अण्णांनी ते हसत पिशवीत टाकलं.

निघताना त्यांनी धोतराचा सोगा सावरला, वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावर मारलं. अंगठ्यावरची शाई अजून निघाली नव्हती.

रविवार, २१ डिसेंबर. परत

गाडी उशिरानं आली, गर्दी होती, अण्णांना एका पोलीस भरतीच्या पोरानं जागा दिली. परतूरपर्यंत झोपले. सेलूच्या पुढं त्यांनी मला उठवून एक कालवा दाखवला. पाणी चालू होतं.

बुधवार, २४ डिसेंबर

दुपारी पोस्टमन आला. तुळस वाळून पाकिटाला आतून चिकटली होती. शिक्क्याचं निम्मं वर्तुळ वाचता येतं, उरलेल्या भागात अण्णांच्या अंगठ्याच्या रेघा, तिकिटावरच्या पाण्याच्या रेघांसारख्याच बारीक. मी बाजारातून बिनआम्लाचा गोंद आणून ठेवला होता. त्यांनी तो बघितला, झाकण लावलं आणि अंगणातल्या बाभळीकडं गेले.

पाकीट चोपडीत चिकटवताना त्यांनी विचारलं, "कधी टाकलं होतं आपण?"

"शनिवारी."

त्यांनी बोटांवर मोजलं. शनि, रवि, सोम, मंगळ, बुध.

"पाच दिवस. बरं आलं. आमच्या चारीला याच्याहून जास्त लागायचे."